टोमॅटो कारागिराचे नाव विचारत नाही

यंत्र फार तर एकसारख्या लाखभर सुऱ्या काढील; पण माझ्या हाताची, माझ्या कामाची सुरी हवी असेल तर भाता, ऐरण आणि घण यांना पर्याय नाही, असे सांगणारे हल्ली बरेच भेटतात. बहुतेक चांगले लोक असतात. त्यांच्या स्वयंपाकघरात एखादी जपानी सुरी असते, तिच्या पात्यावर घणाचे वळ असतात (हे वळ हल्ली ठशानेही उठवता येतात, पण ते असो), आणि ती दाखवताना त्यांचा आवाज देवघरात शिरल्यासारखा खाली येतो. हा आदर मला समजतो. पण त्याच्या पोटात जे गैरसमज दडून बसले आहेत, त्यांच्यामुळे एका चांगल्या गोष्टीला फुकट शिव्या बसत आहेत. ती गोष्ट म्हणजे मागणीप्रमाणे एकेक सुरी यंत्रावर करून देणे.

घणापासून सुरुवात करू. ठोकल्याने पोलाद घट्ट होते, त्याचे कण एकमेकांच्या जवळ येतात, म्हणून ठोकलेले पाते श्रेष्ठ, ही समजूत फार जुनी आहे आणि एके काळी ठोकण्याला खरेच पर्याय नव्हता. मातीच्या भट्टीत लोखंड वितळत नसे. त्याचा स्पंजासारखा गोळा निघे, त्यात मळी अडकलेली असे आणि कार्बन एका बाजूला जास्त तर दुसऱ्या बाजूला कमी असे. तो गोळा तापवून, ठोकून, घडी घालून पुन्हा ठोकल्याशिवाय त्याचे हत्यार होत नसे. मळी पिळून काढायची आणि कार्बन सारखा पसरवायचा, हे घणाचे काम होते. आज पोलादाची पट्टी दुकानात येते तेव्हा हे सगळे कारखान्यात उरकलेले असते. त्यानंतर घण पात्याला फक्त आकार देतो. त्यात पोलाद वाचते, हा त्याचा खरा फायदा. घासून आकार काढला तर बरेचसे पोलाद भुकटी होऊन उडते. दाटपणा मात्र तसूभरही वाढत नाही. उलट तापवताना हात चुकला तर पोलादाचे कण मोठे होतात, पाते ठिसूळ होते आणि ते पुन्हा बेताने तापवून, निववून सुधारावे लागते.

अमेरिकेत हाताने चाकू करणाऱ्यांमध्ये विसाव्या शतकातले मोठे नाव बॉब लव्हलेस यांचे. २०१० मध्ये ते वारले. ज्या चाकूंमुळे त्यांचे नाव झाले ते पोलादाची पट्टी कापून आणि घासून केलेले आहेत. संग्राहक त्यांच्यासाठी हजारो डॉलर मोजतात आणि त्यात जीव नाही अशी तक्रार कोणी केल्याचे ऐकिवात नाही.

मग साकाईचे नाव निघते. ओसाकाच्या शेजारचे हे शहर तंबाखू कापण्याच्या सुऱ्यांसाठी शोगुनांच्या काळापासून नावाजलेले आहे, आणि तिथली सुरी म्हणजे एका म्हाताऱ्या गुरूने पहाटे उठून एकट्याने घडवलेली, असे चित्र आपल्याकडच्या भक्तांच्या डोळ्यांपुढे असते. प्रत्यक्षात तिथे पाते एक घर घडवते, धार दुसरे घर काढते, मूठ आणखी कोणी बसवतो. पात्यावर कोरलेले नाव पुष्कळदा यांपैकी कोणाचेच नसून माल खपवणाऱ्या पेढीचे असते. ठोकायला यांत्रिक घण आहे. पोलाद यासुगीच्या मोठ्या कारखान्यातून येते. ‘पांढरे’ आणि ‘निळे’ ही त्या पोलादांची नावे त्यांवर गुंडाळल्या जाणाऱ्या कागदाच्या रंगावरून पडली आहेत. इतके असूनही साकाईची सुरी अप्रतिम असते, आणि ज्याचे त्याचे काम ज्याने त्याने नेमके केल्यामुळे असते. एकच माणूस आणि एकच घण या कथेशी त्या गुणाचा संबंध नाही.

पात्याचा जीव कुठे असलाच तर तो पाणी पाजण्यात. आपला लोहारही हेच सांगेल. साधे कार्बनचे पोलाद ८०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून एकदम थंड केले की कडक होते. ७७० अंशांच्या सुमारास लोखंडावर चुंबक धरत नाही, म्हणून काही जण चुंबक लावून पाहतात आणि त्याच्या थोडे पुढे जातात. बाकीचे रंगावर जातात. रंग नीट दिसावा म्हणून भट्टीजवळ उजेड कमी ठेवतात. मुरलेल्या डोळ्याला हे जमते, यात शंका नाही. पण तो डोळा ज्या पोलादावर मुरला, त्याच पोलादावर त्याची सत्ता चालते.

याचे नामी उदाहरण इंग्लंडमधल्या शेफील्डचे आहे. १९१३ मध्ये तिथे हॅरी ब्रिअर्ली यांनी क्रोमियम घातलेले, न गंजणारे पोलाद तयार केले. सुऱ्यांना यापेक्षा चांगली धातू कोणती, असे त्यांना वाटले. शहरात सुऱ्या करणाऱ्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या नांदत होत्या. त्यांनी या पोलादाच्या सुऱ्या करून पाहिल्या आणि ब्रिअर्लींची थट्टा सुरू झाली, की या माणसाने न कापणाऱ्या सुरीचा शोध लावला. पोलादाचा दोष नव्हता. त्याला जास्त उष्णता हवी होती आणि जुन्या सवयीने दिलेली उष्णता त्याला मानवत नव्हती. आजच्या चांगल्या स्टेनलेस पोलादांना १,००० अंशांच्या वर, ठरलेली मिनिटे, हवेचा स्पर्श न होता ठेवावे लागते. काहींना त्यानंतर शून्याच्या खूप खाली न्यावे लागते. हे काम उघड्या भट्टीवर, डोळ्यांच्या अंदाजाने होण्यासारखे नाही. म्हणून हाताने चाकू करणारे कितीतरी नामवंतही आपली पाती उष्णतेच्या कामासाठी दुसऱ्याच्या भट्टीत पाठवतात, आणि ती भट्टी प्रोग्रॅमवर चालते. ‘हस्तनिर्मित’ म्हणून विकत घेतलेल्या सुरीचा सर्वांत नाजूक भाग अशा वेळी यंत्राने केलेला असतो. पावती फाडताना हे बोलले जात नाही, इतकेच.

आता घासण्याविषयी. हस्तकलेची गाणी गाणाऱ्यांनी इथे जरा थांबावे. १८४५ साली छापलेल्या इंग्लंडमधल्या कामगारांवरच्या पुस्तकात फ्रीडरिश एंगेल्स यांनी शेफील्डच्या एका डॉक्टरांच्या हवाल्याने लिहिले आहे, की कोरड्या दगडावर घासणारे सरासरी जेमतेम ३५ वर्षे जगतात आणि ओल्या दगडावरचे क्वचितच ४५ च्या पुढे जातात. दगडाची आणि पोलादाची धूळ छातीत बसे. ती ओढून नेणारी सोय निघाली, तेव्हा काही घासणाऱ्यांनीच ती मोडून टाकली, असेही तिथे नोंदले आहे. का, तर धंदा सुरक्षित झाला की नवे लोक येतील आणि मजुरी पडेल. गरिबीचे इतके भयंकर गणित मी दुसरीकडे क्वचितच वाचले आहे. आज जर्मनीतल्या सोलिंगेनमध्ये व्यूस्टहोफसारख्या सुऱ्यांच्या कारखान्यात पाते लेझरने मोजून यंत्रमानव धार काढतो, तेव्हा ‘हात गेला’ म्हणून उसासा टाकणाऱ्याला विचारावेसे वाटते, की त्या दगडापाशी बसायला तुमच्या घरातले कोण तयार आहे?

पण खरा आक्षेप याच्या पुढचा आहे. व्यूस्टहोफचा यंत्रमानव एकसारखी पाती काढतो. यंत्र म्हटले की एकसारखेपणा आलाच. मग ‘मागणीप्रमाणे’ आणि ‘यंत्राने’ हे दोन शब्द एकत्र नांदतीलच कसे? हा युक्तिवाद ऐकायला बिनतोड वाटतो. इतिहास मात्र नेमका उलटा आहे. लाखो सारख्या वस्तू काढायला आकड्यांवर चालणाऱ्या यंत्राची गरज कधीच नव्हती. ठसे, साचे आणि कॅम यांनी ते काम आधीच भागत होते. संख्यात्मक नियंत्रणाची कल्पना निघाली ती थोडक्याच, पण वेड्यावाकड्या वळणांच्या वस्तूंसाठी. मिशिगनमधले जॉन पार्सन्स हेलिकॉप्टरच्या पंख्याची पाती करत. त्या पात्यांच्या वळणाचे साचे हाताने काढणे जिकिरीचे, म्हणून त्यांनी वळणावरचे बिंदू हिशेबाने काढून यंत्राला द्यायला सुरुवात केली. अमेरिकी हवाई दलाने पैसा पुरवला आणि १९५२ मध्ये एमआयटीने भोके पाडलेल्या कागदी फितीवर चालणारे मिलिंग यंत्र जगाला दाखवले. आजच्या संगणकचलित सीएनसी यंत्रांची जन्मकथाच ‘प्रत्येक वस्तू वेगळी असली तरी चालेल’ अशी आहे.

चष्म्याचे पाहा. माझ्या डाव्या डोळ्याची काच उजव्या डोळ्याला चालत नाही, माझी तुम्हाला चालत नाही. प्रत्येक जोडी मागणीप्रमाणेच होते. प्रोग्रेसिव्ह काचेचा पृष्ठभाग आज आकडे भरलेले यंत्र कापते. चष्मा हाताने घासलेला नाही म्हणून दिसण्यात आत्मा कमी पडला, अशी तक्रार घेऊन नेत्रतज्ज्ञाकडे कोणी गेल्याचे ठाऊक नाही.

यंत्राने नेमके काय स्वस्त होते, हे एका उदाहरणाने सांगतो. जपानी यानागिबा किंवा देबा या सुऱ्यांना धार एकाच बाजूने असते. उजव्या हाताची सुरी डाव्या हातात धरली की ती मासा सरळ कापतच नाही, एका अंगाला पळते. डावखुऱ्यासाठी उलटी सुरी लागते आणि ती महाग पडते, कधी दीडपटीपर्यंत. कारण उघड आहे. ज्या हाताने जन्मभर एका अंगाने घासले त्याला उलट्या अंगाने घासायला वेळ जास्त लागतो, पाती बिघडतात आणि मागणी मोजकी. डावखुरा जन्माला आल्याचा हा दंडच म्हणायचा. सीएनसीच्या प्रोग्रॅममध्ये हाच बदल म्हणजे एका अक्षावरच्या आकड्यांचे चिन्ह उलटे करणे. पाते पकडायचा फिक्श्चर उलटा करावा लागतो, पहिला नग जपून काढावा लागतो, हे मान्य. पण तो खर्च एकदाच. लहान तळव्याची मूठ, संधिवाताने आखडलेल्या बोटांसाठी जाड मूठ, अंगठा तुटलेल्या माणसाची मूठ, यांचेही तेच. हाताने करून घ्यायचे तर हे सगळे श्रीमंतांचे लाड ठरतात.

इथवर यंत्राची बाजू मांडली. ते कुठे अडखळते हेही सांगायला हवे, कारण यंत्र विकणारे ते सांगणार नाहीत.

पट्टीतून आकार कापणे हा पोरखेळ आहे. लेझर किंवा पाण्याची धार तो काही मिनिटांत उरकते. भानगड पुढे सुरू होते. पातळ पाते तापवून थंड केले की वाकते, आणि प्रत्येक पाते आपल्या मनाप्रमाणे वाकते. एकाला किंचित पीळ पडतो, दुसऱ्याचे टोक डावीकडे झुकते. ते उजेडापुढे धरून, हलक्या हाताने ठोकून सरळ करावे लागते, आणि हे काम करणारी माणसे आजही चांगल्या कारखान्यांत असतात. त्यानंतर घासणे. भाजीच्या सुरीत धारेच्या मागे लगेच जाडी किती, यावर सगळे अवलंबून आहे. ती ०.२ मिलिमीटर असेल तर कांदा नुसता उलगडतो, ०.६ असेल तर गाजर कापले न जाता फुटते. घासणारा पट्टा झिजत जातो, पाते तापते, थोडे दबते. यंत्राने दर वेळी पाते मोजून दाब बदलला नाही तर हा अर्ध्या मिलिमीटरच्याही आतला खेळ हातचा जातो. लाख नगांच्या कामात पहिली पन्नास पाती वाया घालवून यंत्र जुळवता येते. एकाच सुरीची मागणी असेल तर वाया घालवायला दुसरे पाते कुठून आणणार? मागणीप्रमाणे काम करणाऱ्या यंत्राला खरे आव्हान इथे आहे. पात्याला हलकेच टेकून ते मोजणारा प्रोब, घासताना दाब सांभाळणारी यंत्रणा, यांनी ते बरेचसे पेलते आहे. पुरते पेलले असे मी म्हणणार नाही. भोसरीत किंवा चाकणला व्हीएमसी या सीएनसी यंत्रावर उभ्या राहिलेल्या कोणाही ऑपरेटरला विचारा, पहिला नग काढताना पोटात काय होते ते. त्या मशीनपाशीही कसब असते आणि ते कसब हातांचेच असते. हस्तकलेच्या भक्तांना ते दिसत नाही, कारण त्या हातांना काजळी लागलेली नसते आणि अंगात कारखान्याचा निळा शर्ट असतो.

दुसरी खोट यंत्राची नाही, व्यापाऱ्याची आहे. पडद्यावर यादी देतात: मुठीचा रंग निवडा, पात्याची लांबी निवडा, आणि नाव टाका, आम्ही कोरून देऊ. कोठारातले तयार पाते, त्यावर लेझरने तुमचे नाव, आणि बिलावर ‘खास तुमच्यासाठी’. याला मी मागणीप्रमाणे केलेली सुरी म्हणत नाही. ही फार तर लग्नातली नाव घातलेली पिशवी. ज्याला खरोखर करून द्यायची आहे तो आधी विचारील: कोणत्या हाताने कापता? फळी कमरेपासून किती उंचावर? सुरमईचा काटा तोडणार की फक्त भाजी? धार घरी लावता की लावून घेता? वापरल्यावर लगेच पुसता, की रात्रभर मोरीत पडून असते? या शेवटच्या उत्तरावर पोलाद ठरते, आणि गिऱ्हाइके तिथेच सर्रास खोटे बोलतात. ते ओळखायला माणूस लागतो. पात्याचा कोन आकड्यांत मांडता येतो, पण कोणता कोन हवा हे शोधायला चौकशी लागते. यंत्र आले म्हणून ही चौकशी बंद करायला कोणी सांगितलेले नाही. उलट घासण्यातून सुटलेला वेळ तिथेच घालवायला हवा.

आणि ही चौकशी आपल्याकडे कोण करत होते? गावचा लोहार. बलुत्याच्या दाण्यावर काम करणाऱ्या त्या माणसाला कोणत्या घरचा विळा कोण धरतो हे ठाऊक असे. हंगामाच्या आधी विळे, कोयते, कुऱ्हाडी शेवटायला येत आणि तो हत्याराच्या झिजेवरून धरणाऱ्याची सवय ओळखे. रस्त्याकडेला पाल ठोकून बसणारी घिसाडी कुटुंबे आजही ट्रकच्या कमानपाट्यातून कोयता घडवून देतात. बायको घण मारते, नवरा सांडशीत पाते फिरवतो. मागणीप्रमाणे सुरी म्हणजे काय, हे पाहायचे असेल तर साकाईला जायला नको. पण हाताच्या कलेवर गहिवरणारा आपला गृहस्थ तिथे गाडी थांबवतो तेव्हा वीस रुपयांसाठी घासाघीस करतो. तोच माणूस घणाचे वळ असलेल्या परदेशी सुरीला वीस हजार देतो. म्हणून त्याच्या हस्तकलाप्रेमावर माझा फारसा विश्वास नाही.

‘यंत्र आले तर या लोकांच्या पोटावर पाय येईल’ हा आक्षेप मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. त्यात तथ्य आहे, पण बोट चुकीच्या जागी दाखवले जाते. लोहाराचे बलुते बुडाले ते पत्र्यातून ठोकून काढलेल्या, एकाच मापाच्या, स्वस्त मालाने. ट्रॅक्टरने आणि मळणीयंत्राने. शेफील्डच्या छोट्या कारागिरांनाही, ज्यांना तिथे ‘लिटल मेस्टर’ म्हणत, ठोक मालाने आणि स्वस्त आयातीने खाल्ले. एकेक सुरी करून देणारे यंत्र तेव्हा नव्हतेच. ठोक मालाशी लढायला आता जर काही हाताशी असेल, तर ते लहान यंत्रशाळेतले सीएनसीच आहे. ज्या घिसाड्याला पाते कसे हवे हे कळते, त्याला त्या यंत्रापर्यंत जायला भांडवल आणि शिक्षण कोणी देत नाही, हे खरे भांडण आहे. ते सरकारशी आणि बँकांशी भांडायला हवे. यंत्राला दोष देणे सोपे, म्हणून हे भांडण टाळले जाते.

एक गोष्ट मात्र लोहाराच्या बाजूने बोलते आणि तिला यंत्रवाल्यांकडे अजून धड उत्तर नाही. त्याच्याकडचा विळा बोथट झाला की तो परत त्याच्याकडेच जाई. यंत्रावर सुरी करून देणारी कंपनी चार वर्षांनी दुकान गुंडाळते तेव्हा पात्याची आकृती तिच्या संगणकात मरते, आणि तशीच दुसरी सुरी हवी असेल तर गिऱ्हाईक पुन्हा शून्यावर. यावर उपाय आहे, आणि तो महाग नाही. सुरीबरोबर तिचा नकाशा द्यावा: पोलाद कोणते, किती अंशांवर किती वेळ ठेवले, रॉकवेल सी मापावर कडकपणा ५८ की ६२, धारेचा कोन किती, धारेमागे जाडी किती, मुठीचा घेर किती. सोबत यंत्राची फाईल. शिंप्याने बेतलेल्या कापडाचे माप ज्याचे त्याचे असते, तसे हे माप विकत घेणाऱ्याचे. धार किती आणि किती टिकते हे मोजायचे यंत्रही आहे. आयएसओ ८४४२-५ या मानकात पाते वाळूचे कण घातलेल्या कागदाच्या गठ्ठ्यावर ठरलेल्या दाबाने मागेपुढे फिरवून दर खेपेला किती कापले ते मोजतात. तो आकडाही लिहून द्यावा.

आणि हाच कागद हातवाल्या गुरूंकडेही मागावा. त्यांच्यातले जे खरे जाणकार आहेत ते देतील. काही जण आजही देतात. बाकीचे म्हणतील, आम्ही रंग पाहून ठरवतो, आकड्यांत आमची कला मावत नाही. त्यांच्या पात्यावरचे वळ सुंदर असतील. ते भिंतीवर लावायला घ्यायला हरकत नाही.